मुंबईचा माळा

आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडाला दोन खोल्या आणि एक माळा होता. खोल्यांत आम्ही सात जण राहायचो आणि माळ्यावर आमचा इतिहास राहायचा. आजोबांना गिरणीतून निवृत्त होताना मिळालेलं लंबकाचं घड्याळ, जे बंद पडल्याला तीस वर्षं झाली होती, पितळी बंब, गणपतीची तीन मखरं, एक चाक गेलेली तीनचाकी, आणि आत्याच्या लग्नात आहेर आलेल्या लेमन सेटांपैकी खोकंही न उघडलेले पाच. दर दिवाळीच्या आधी वडील बनियनवर शिडी चढायचे आणि ‘यंदा माळा रिकामा करतो’ अशी घोषणा करायचे. आई खाली शिडी धरून उभी. वडील एकेक वस्तू खाली द्यायचे, आई ती पुसायची आणि परत वर द्यायची. संध्याकाळी माळा होता तसाच असायचा, फक्त स्वच्छ.

टाकवत नाही आणि डोळ्यांसमोर ठेववतही नाही, अशा वस्तूंची सोय म्हणजे माळा. मुंबई शहरालाही असा एक माळा आहे. तो भायखळ्याला आहे, ५३ एकरांचा आहे आणि त्याला राणीची बाग म्हणतात.

हा शोध मला लागला तो वाईच्या मावशीमुळे. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत, आणि जीभ तर गुडघ्यांचीही भरपाई करणारी. तिच्या नऊ वर्षांच्या नातवाला मुंबई दाखवायची म्हणून ती आली. मुंबईत तिला दोनच गोष्टी पाहायच्या होत्या: समुद्र आणि राणीची बाग. समुद्र पाच मिनिटांत उरकला. ‘पाणी आहे,’ असं म्हणून ती वळली. मग बाग.

आम्ही वाजतगाजत निघालो तो दिवस बुधवार होता. राणीची बाग बुधवारी बंद असते. ही गोष्ट मुंबईत जन्मलेल्या प्रत्येक माणसाला माहीत असते आणि ती त्याला नेमकी बागेच्या बंद फाटकासमोर आठवते. मावशी फाटकाच्या गजांतून आत बघत म्हणाली, ‘तू इथलाच ना रे?’ मी म्हटलं, ‘हो.’ ती म्हणाली, ‘वाटत नाही.’ आमची ही मात्र एकदम प्रसन्न झाली. गेली तीस वर्षं ती जे सांगत होती, ते आता माहेरच्या नव्हे, माझ्याच माणसाने सांगितलं होतं.

गुरुवारी परत निघालो. बसमध्ये मी कंडक्टरला म्हटलं, ‘चार, जिजामाता उद्यान.’ मावशी ताडकन म्हणाली, ‘मला उद्यान-बिद्यान नको. राणीच्या बागेत जायचंय.’ मी समजावलं की तेच ते. बागेचं मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन. आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मावशीने क्षणभर विचार केला. ‘मग नाव कुठे बदललं? ती राणी गेली, आपली आली. बाग राणीचीच.’ नाव बदलण्याच्या इतक्या वर्षांच्या उद्योगावर याहून समाधानकारक तोडगा मी ऐकलेला नाही. आमचा थांबा आला तेव्हा कंडक्टरही ‘राणीबाग, राणीबाग’ असंच ओरडला.

तिकिटाच्या खिडकीशी वेगळाच पेच. २०१७ साली तिकीट वाढलं तेव्हापासून मोठ्या माणसाला ५० रुपये, पण कुटुंबाला मिळून १००. कुटुंब म्हणजे आई, वडील आणि दोन मुलं. व्याख्या कुटुंब नियोजनाच्या जुन्या पाटीवरून घेतली असावी. लाल त्रिकोण तेवढा राहिला. आम्ही चौघंच होतो, पण आकार जुळत नव्हता. हिने खिडकीत डोकं घालून विचारलं, ‘एक मूल आहे. दुसऱ्या मुलाच्या जागी या आजी चालतील का?’ आतून शांतपणे प्रश्न आला, ‘आजींचं वय?’ ‘अठ्ठ्याहत्तर.’ ‘मग नाही बसत.’ क्षणभर का होईना, तो विचार केला गेला याचाच मावशीला केवढा आनंद झाला!

आत शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की इथे प्राणी बघायला यायची रीत पडली असली तरी प्राणी हे या बागेचं मूळ काम नव्हेच. ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी नावाच्या, झाडाझुडपांची आवड असणाऱ्या मंडळींची ही बाग. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी उघडली. तेव्हा इथे झाडंच होती. प्राणी मागाहून आले. पण पंगतीत मागाहून आलेला जावई जसा सगळं ताट आपल्याकडे ओढतो, तसं प्राण्यांनी बागेचं केलं. आता दीडशे वर्षांच्या झाडाखाली उभा राहून माणूस विचारतो, ‘इथे बघण्यासारखं काही नाही का? वाघ कुठे आहे?’

मावशीचं तसं नव्हतं. ती प्रत्येक झाडापाशी थांबायची. तिने खोडाला हात लावायचा, वर बघायचं आणि मग पाटी वाचायची, म्हणजे पाटीने बरोबर लिहिलंय की नाही ते तपासायची. कैलासपतीपाशी ती हात जोडून उभी राहिली. खोडालाच लगडलेली फुलं, फुलाच्या आत पिंड आणि वर नागफणी. तिच्या गावच्या शंकराला ती हेच फूल वाहते. मी आपलं ज्ञान पाजळलं, ‘मावशी, हे झाड मुळात दक्षिण अमेरिकेतलं.’ तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी शंकराचाच जातीचा दाखला मागितला होता. ‘असेल. तिकडेही शंकर असेल.’ पुढे गोरखचिंच लागली. ती आफ्रिकेची. पण नाव गोरखनाथांचं, आणि बुंधा असा की आमचं गिरगावचं बिऱ्हाड माळ्यासकट आत मावेल. या बागेत तीन हजारांहून जास्त झाडं आहेत आणि त्यांतली कितीतरी अशी कुठून कुठून आलेली. आली, रुजली, मराठी नावं घेतली आणि आता मूळ गाव विचारलं तर भायखळा सांगतात. मुंबईतल्या माणसांचं याहून वेगळं काय झालंय म्हणा!

झाडांवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी या बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायची मोठी योजना निघाली होती. म्हणजे पुन्हा तेच, ‘यंदा माळा रिकामा करतो.’ आणि पुन्हा तेच झालं. शिडी धरायला बायका उभ्या राहिल्या. झाडांची माया असलेल्या काही जणींनी बागेतलं एकेक झाड मोजलं, ओळखलं, नोंदलं आणि खात्यांपुढे, समित्यांपुढे, वर्तमानपत्रांपुढे ती यादी धरली. ती योजना काही जशीच्या तशी झाली नाही. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिने त्या बायकांना एकेक लेमन सेट दिला असता.

बाकी, माळा म्हणतो तो झाडांमुळे नव्हे. माळा आहे तो बागेच्या तोंडाशी, म्युझियमच्या आसपास. खरी गंमत तिथे आहे आणि तिथे गर्दी सगळ्यात कमी असते.

म्युझियमच्या शेजारी एक दगडी हत्ती उभा आहे. पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, कारण तो सोंड हलवत नाही. पण याच्याइतकं नशीब काढलेला हत्ती दुसरा नसेल. हा घारापुरीचा. पोर्तुगीज बेटावर उतरले, त्यांनी हा हत्ती पाहिला आणि बेटालाच एलिफंटा हे नाव दिलं. म्हणजे आत लेण्यांत कैलास हलवणारा रावण आहे, त्रिमूर्ती आहे, सगळं सोडून यांना काय दिसलं, तर हत्ती! आपल्याकडेही लोक लग्नाला जातात आणि येऊन फक्त जिलबीबद्दल बोलतात. पुढे १८६४ साली इंग्रजांनी हा हत्ती उचलून लंडनच्या म्युझियमला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती खाली आदळला आणि त्याचे तुकडे झाले. फुटलेली वस्तू साहेबाला नको होती. ते तुकडे या बागेत आणून ठेवले, आणि पुढे १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. मावशीने ही गोष्ट शांतपणे ऐकली आणि म्हणाली, ‘बरं झालं फुटला. धड असता तर गेला असता.’ आमच्या माळ्यावरची तीनचाकीही एक चाक गेलं म्हणूनच आमच्याकडे राहिली होती. चांगली असती तर काकांचा मुलगा घेऊन गेला असता.

हत्तीपासून थोडं पुढे गेलं की राजघराणं लागतं.

काळा घोडा नावाचा भाग मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. तिथे चित्रांची दालनं आहेत, दरवर्षी महोत्सव भरतो, तरुण मुलंमुली कॉफी पीत असतात. ज्या घोड्यावरून हे नाव पडलं तो घोडा मात्र तिथे नाही, तो इथे आहे. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, १८७५ च्या सुमारास मुंबईला येऊन गेला. त्याची आठवण म्हणून ससून घराण्याने घोड्यावर बसलेला त्याचा पुतळा शहराला दिला. १८७९ साली तो उभा राहिला. युवराज बिचारा, आई राज्य सोडीना. शेवटी एकोणसाठाव्या वर्षी, आपल्याकडे लोकांच्या सेवानिवृत्तीचा पेढा वाटायची वेळ येते तेव्हा, हा नोकरीला लागला आणि सातवा एडवर्ड झाला. लोकांना मात्र ना युवराजाशी घेणं ना राजाशी. त्यांनी फक्त घोडा पाहिला, तोही रंगावरून. १९६५ साली राजाला घोड्यासकट उचलून इथे आणला. नाव तिथेच राहिलं. मग २०१७ साली त्या जुन्या जागी नवा काळा घोडा बसवला, पण या वेळी पाठीवर कोणी नाही. म्हणजे शहराने नीट विचार करून ठरवलं की आपल्याला घोडा हवा होता, वरचं सामान नको होतं. आपल्याकडेही जुनं कपाट विकताना लोक त्यातले कपडे काढून ठेवतात, तसंच हे, फक्त उलटं.

आणि राणी? राणीही इथेच आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तिचा संगमरवरी पुतळा करवून मुंबईला दिला होता. तो फोर्टात उभा होता. १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. स्वातंत्र्यानंतर तिला तिथून हलवली ती इथे. गंमत बघा, बागेला राणीचं नाव १८६२ पासून. पण राणी बागेत राहायला आली ती राज्य गेल्यावर. आपल्याकडेही लोक निवृत्तीनंतर राहू म्हणून कर्जतला बंगला बांधतात आणि मग शेवटी जातात ते नाइलाजाने. मायलेक आता एकाच आवारात आहेत. बोलणं आहे की नाही, माहीत नाही. ज्या आईने एकोणसाठाव्या वर्षापर्यंत गादी दिली नाही तिच्याशी कोण बोलेल?

त्यांच्या जोडीला लॉर्ड कॉर्नवॉलिसही आहे. हा पूर्वी आताच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी एका घुमटीखाली उभा होता. घुमटी आणि आत मूर्ती म्हटल्यावर आपल्या लोकांनी दुसरं काय करायचं? फुलं वाहायला सुरुवात केली. त्या जागेला ‘छोटं देऊळ’ म्हणायचे. कंपनी सरकारने राज्य करायला पाठवलेला माणूस इथे नारळाच्या वाटेवर होता. साहेबाला राज्य कसं करायचं ते नीट कळत होतं, पण त्याला देव होणं टाळता येत नव्हतं. आता फुलं नाहीत. माळ्यावरच्या देवाला कोण फुलं वाहतं? आमच्याकडेही जुन्या मखरातला थर्माकोलचा मोर वर्षभर धुळीतच असायचा.

मावशी या सगळ्या मंडळींसमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं, इतिहासाने भारावली. ती म्हणाली, ‘यांना कोणी पुसत नाही का?’

म्युझियममध्ये जरा टेकू म्हटलं. १८७२ साली उघडलेलं हे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. आता ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. भाऊ दाजी म्हणजे वैद्यकाचे डॉक्टर आणि संस्कृतचे पंडित. आजच्या डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शनवरचं स्वतःचं अक्षर वाचता येत नाही. भाऊ दाजींना जुने शिलालेख वाचता येत. आत हिरवे-सोनेरी खांब, पगड्यांचे नमुने आणि एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईकरांच्या छोट्या छोट्या मातीच्या बाहुल्या. मावशीच्या नातवाने एका बाहुलीकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे काका कोण?’ पगडी, उपरणं, हातात काठी आणि चेहऱ्यावर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे भाव. मी म्हटलं, ‘हे कोणीही असू शकतील.’ ही माझ्याकडे बघून म्हणाली, ‘कोणीही नाही. ओळखीचे वाटतात.’

दारातल्या ससून टॉवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष गेलं. १८६५ चं. त्याच्याखाली उभी राहून माणसं मोबाइलमध्ये किती वाजले बघतात. आजोबांचं घड्याळ मला आठवलं. तेही असंच, चालतंय की नाही हे कोणी बघायचंच नाही, पण हलवू म्हटलं की घर उठायचं.

नातवाचा आता धीर सुटला होता. त्याला प्राणी हवे होते. मी लहान होतो तेव्हा या बागेत हत्तीवर बसवून फेरी मारायचे. वरून गिरगावच्या पोरांना आपण शिवाजी वाटायचो आणि खाली उतरल्यावर परत पाढे होतेच. आता हत्तीवर बसवत नाहीत, हे हत्तीच्या दृष्टीने फार चांगलं झालं.

पाणघोड्यापाशी आम्ही वीस मिनिटं होतो. पाणघोडा पाण्यात होता, वर फक्त दोन नाकपुड्या आणि दोन कान. एखाद्या कचेरीतला साहेब जसा फायलींच्या ढिगाआडून ‘उद्या या’ एवढंच दाखवतो, तसा. मावशी हलायला तयार नव्हती. ‘पैसे दिलेत. अख्खा बघितल्याशिवाय जाणार नाही.’ वीस मिनिटांनी पाणघोड्याने तोंड वर काढलं, जबडा उघडला, एवढा उघडला की दाढा, पडजीभ, सगळं दिसलं, आणि पुन्हा खाली गेला. मावशीने समाधानाने मान हलवली. ‘दात किडलेत त्याचे.’

वाघ काचेपलीकडे झोपला होता. २०२० साली औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, वाघांची एक जोडी इथे आली होती. सरकारी नोकराची बदली व्हावी तशी. मुंबईत बदली झालेला माणूस पहिल्या दिवशी जितका दमतो तितकाच तोही दमलेला दिसला. काचेच्या अलीकडे साठ-सत्तर माणसं ‘ए वाघ्या, ऊठ ना’ म्हणून आर्जवं करत होती. आपल्या घरातला मुलगा अकरा वाजेपर्यंत झोपला तर त्याला उठवायची ज्यांची हिंमत होत नाही, ती ही माणसं.

आणि मग पेंग्विन. माळ्यावरच्या सगळ्या जुन्या सामानात हा नवाकोरा फ्रिज. २०१६ मध्ये कोरियातल्या सोल शहरातून आठ पेंग्विन आले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळाले. पेंग्विन म्हटलं की आपल्याला बर्फ आठवतो. हे बर्फातले नव्हेत. हे हम्बोल्ट जातीचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. नाव एका जर्मन शास्त्रज्ञाचं, मूळ गाव चिलीकडे, आले कोरियाहून आणि राहायला भायखळा. वातानुकूलित खोली, पोहायला तळं, वेळच्या वेळी मासे. मे महिन्यातल्या घामाने निथळत गर्दी आत शिरते आणि पुढे सरकायचं नावच घेत नाही. रखवालदार ‘चला पुढे, चला पुढे’ ओरडत असतो आणि माणसं पेंग्विनकडे बघतोय असं दाखवत गारव्यात उभी असतात. मावशी पदराने मान पुसत म्हणाली, ‘यांचं विजेचं बिल कोण भरतं?’

‘महापालिका.’

‘म्हणजे तू.’

तिने माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं. घरी पंखा तीनवरून चारवर करायचा तर मी हिला विचारतो, हे तिला माहीत होतं.

आता इथे पेंग्विनांची पिल्लंही झाली आहेत. भायखळ्यात जन्मलेली, भायखळ्याचंच पाणी प्यायलेली. अधिवास दाखल्याला लागतं ते सगळं त्यांच्याकडे आहे. फक्त शाळा सोडल्याचा दाखला नाही, आणि मुंबईत तेवढ्यावरून कितीतरी माणसांचंही अडलेलं आहे.

निघताना मावशी बाकावर बसली. शेजारी सकाळी पास घेऊन फिरायला येणारी म्हातारी मंडळी उन्हं चढली तरी रेंगाळली होती. त्यांतल्या एका आजोबांना तिने विचारलं, ‘तुम्ही रोज येता? काय बघता रोज रोज?’ आजोबा म्हणाले, ‘काही नाही. घरी सून केर काढते. तेवढा वेळ इथे बसतो.’ मावशी मला हळूच म्हणाली, ‘बघ, यांनाही माळ्यावर ठेवलंय.’ मग थोडं थांबून, ‘पण जागा चांगली आहे. सावली आहे.’

वाईला परत गेल्यावर तिने फोन केला. शेजारणींना सगळं सांगून झालं होतं. पाणघोड्याचे किडके दात, फुटला म्हणून वाचलेला हत्ती आणि विजेचं बिल. राजाराणीचं काही सांगितलंस का, असं विचारलं तर म्हणाली, ‘सांगितलं की. म्हटलं, पुसायला पाहिजेत.’

आता पुढच्या आठवड्यात नाशिकचा मेहुणा सहकुटुंब येतोय. त्याच्या मुलांना राणीची बाग बघायची आहे. मंगळवारी रात्री पोचतील, गुरुवारी पहाटेच्या गाडीने परत. आरक्षण झालेलं आहे.